घरातला नाद (लेखांक ९) : चोवीस बिट कुठे गळतात?

ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी कशी जमवायची ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आता त्या जोडीपर्यंत संगीत पोचवायचं कसं, हा प्रश्न. ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ असं लिहिलेला अल्बम विकत घेतला, चांगला डॅक (डिजिटल आकड्यांतून आवाजाची लहर तयार करणारं यंत्र) आणला, तरी सीडीहून वेगळं काही ऐकू येत नाही, ही तक्रार या छंदात पडलेल्या बहुतेकांची असते. माझं मत आधीच सांगून टाकतो. पुष्कळदा ती फाइल जशीच्या तशी डॅकपर्यंत पोचलेलीच नसते. आणि पोचली, तरी तिच्यात मुळात काय भरलं होतं हे तपासल्याशिवाय स्वतःच्या कानांना दोष देऊ नये.

आकडे थोडक्यात समजून घेऊ. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर आवाजाची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहिली जाते. ज्या वेगाने मोजणी होते त्याच्या निम्म्या कंप्रतेपर्यंतचा आवाज पूर्णपणे परत उभा करता येतो, हा नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या कामातून सिद्ध झालेला नियम. म्हणजे सीडीची मजल सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंत. माणसाचा कान तरुणपणी जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वय वाढतं तशी ही मर्यादा खाली येते. डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो आणि मोजणी वाढवली की पायऱ्या बारीक होतात, असं चित्र जाहिरातींत नेहमी दिसतं. ते चुकीचं आहे. डॅकमधला फिल्टर त्या बिंदूंमधून पुन्हा अखंड लहर तयार करतो; बाहेर पडणाऱ्या आवाजात पायऱ्या नसतात.

बिटांचा संबंध असतो सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातल्या अंतराशी. एका बिटामागे साधारण ६ डेसिबल धरा. १६ बिटांत ९६ डेसिबल मावतात, २४ बिटांत कागदावर १४४. प्रत्यक्षात उत्तमातला उत्तम घरगुती डॅकसुद्धा १२०-१३० डेसिबलच्या आसपास थांबतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये रात्री पंखा बंद केला तरी खोलीत ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. त्याच्या वर ९६ डेसिबल जायचं, तर कान दुखतील इतक्या जोरात ऐकावं लागेल.

मग २४ बिट हवेत कशाला? ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ते खरोखर हवेत. ख्यालगायक मंद्रातल्या कुजबुजत्या आलापावरून तारसप्तकातल्या खणखणीत तानेवर कधी जाईल हे आधी सांगता येत नाही. २४ बिट असले की अभियंता आवाजाची पातळी बिनघोर खाली ठेवू शकतो. तान आली तरी आवाज फाटत नाही, आणि आलाप खरखरीत बुडत नाही. घरी त्यांचा उपयोग होतो तो आवाज सॉफ्टवेअरमधून कमी करताना. १६ बिटांची फाइल २४ बिटांच्या डॅकला दिली, तर तिचे बिट न गमावता आवाज ४८ डेसिबलपर्यंत उतरवता येतो.

आता फाइल डॅकपर्यंत कोणत्या वाटेने जाते ते पाहू. संगणकावर गाणं लावलं की ते थेट यूएसबीच्या तारेत जात नाही. मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमचा मिक्सर बसलेला असतो. मेल आल्याची टिंग, व्हिडिओचा आवाज आणि तुमचा यमन या सगळ्यांना एकत्र करून एकाच वेगाने बाहेर सोडणं हे त्याचं काम. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्झ निवडलेले असतील, तर ४४.१ची फाइल वर चढवली जाते, १९२ची खाली उतरवली जाते, आणि तुम्हाला कोणी काही सांगत नाही. मॅकवर हीच निवड ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये असते. तिथे ॲपलचं म्युझिक ॲप दर गाण्यागणिक डॅकचा वेग आपणहून बदलत नाही. तो हाताने बदलावा लागतो. अँड्रॉइड फोनही पुष्कळदा सगळं ४८ किलोहर्ट्झवर आणतात. आजकालची ही रूपांतरं बऱ्यापैकी नेटकी असतात, त्याने गाणं बिघडतंच असं मी म्हणणार नाही. पण १९२चे पैसे मोजून ४८ ऐकायचे असतील, तर ते पैसे मोजायचेच कशाला?

उपाय सोपा आहे. विंडोजवर फूबार२००० हा मोफत प्लेअर घ्या आणि आउटपुटमध्ये तुमच्या डॅकचा ‘वासापी एक्सक्लुझिव्ह’ पर्याय निवडा. मग गाणं चालू असेपर्यंत डॅक फक्त त्या प्लेअरचा. मिक्सर बाजूला राहतो. मॅकवर ऑडिर्वानासारखे प्लेअर हेच करतात, आणि अँड्रॉइडवर ‘यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो’. झालं की नाही ते डॅककडे बघूनच कळतं. बहुतेक डॅकवर येणाऱ्या आवाजाचा वेग पडद्यावर किंवा दिव्याच्या रंगातून दिसतो. ४४.१, ९६ आणि १९२च्या तीन फाइली पाठोपाठ लावा. आकडा किंवा रंग बदलत नसेल, तर वाटेत कोणीतरी फाइलला हात लावतंय.

ब्लूटूथबद्दल फार बोलायचं कारण नाही. सीडीच्या आवाजाला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात, २४/९६ला ४,६०८. ब्लूटूथवरची नावाजलेली एलडॅक पद्धत जास्तीत जास्त ९९० किलोबिट नेते. तेव्हा हाय-रेझच्या, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाच्या, गोष्टी करायच्या असतील, तर तार हवी किंवा वायफाय. ऑप्टिकल तारेवर पुष्कळ यंत्रं ९६च्या वर जात नाहीत, म्हणून यूएसबी बरी. मात्र यूएसबीच्या महागड्या तारेवर खर्च करू नका. आजचे बहुतेक चांगले डॅक असिंक्रोनस पद्धतीचे असतात: घड्याळ डॅकचं असतं आणि तो संगणकाकडून लागेल तेवढाच डेटा मागून घेतो. साधी, धड तार पुरते.

फाइल फ्लॅकमध्ये ठेवा. २००१ सालापासूनचा हा मोफत प्रकार आहे. तो फाइल आकसून लहान करतो, पण उलगडताना एकही बिट हरवत नाही. २४/९६चं तासाभराचं स्टिरिओ संगीत न आकसता सुमारे २ जीबी होतं. फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्याच्या जरा वर.

आता फाइलच्या पोटात काय आहे ते. किशोरी आमोणकर किंवा भीमसेन जोशी यांची १९६०-७०च्या दशकांतली ध्वनिमुद्रणं ॲनालॉग टेपवर झाली. त्या काळच्या टेपची मजल साधारण ६० ते ७० डेसिबल, म्हणजे ११-१२ बिटांत मावणारी. मूळ टेप काळजीपूर्वक लावून २४ बिटांत उतरवली, तर ते काम मोलाचं आहे, पण मोल त्या काळजीचं आहे. १६ बिटांतही ते तितकंच उतरलं असतं. याहून वाईट प्रकार म्हणजे सीडीचीच फाइल सॉफ्टवेअरने ९६वर चढवून विकणं. पेलाभर दूध घागरीत ओतलं म्हणून घागरभर होत नाही. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून तिचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या कंप्रतेवर किती आवाज आहे त्याचं चित्र, बघा. २२ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी रेघ असेल आणि तिच्या वर काळोख, तर फाइल बहुधा सीडीवरूनच आली आहे.

मास्टरिंग, म्हणजे विक्रीआधी ध्वनिमुद्रणाला दिलेलं अखेरचं रूप, तर आकड्यांहूनही महत्त्वाचं. मेटालिकाचा २००८चा ‘डेथ मॅग्नेटिक’ सीडीवर इतका दाबून मोठा केला होता, की त्यातलीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये जास्त मोकळी ऐकू आली आणि चाहत्यांनी ओरड केली. दाबलेलं मास्टर १९२ किलोहर्ट्झमध्ये विकलं तरी दाबलेलंच राहतं.

मग फरक ऐकू येतो की नाही? २००७ साली मेयर आणि मोरान यांनी एसएसीडीचा, म्हणजे हाय-रेझ तबकडीचा, आवाज एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जावर उतरवून श्रोत्यांना न सांगता ऐकवला. नेहमीच्या पातळीवर ऐकताना श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही. २०१६ साली जोशुआ राइस यांनी अशा अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले. अचूक उत्तरं ५२ टक्क्यांच्या थोडी वर भरली. आधी सराव दिलेल्या श्रोत्यांची जास्त. म्हणजे फरक असलाच तर फार सूक्ष्म. घरासाठी २४/९६ची फाइल पुरून उरते, १९२साठी जास्तीचे पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण खोली याहून कितीतरी मोठा फरक करते. १६ फूट लांबीच्या हॉलमध्ये ३५ आणि ७० हर्ट्झच्या आसपास स्थिर लहरी उभ्या राहतात. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खरज ६९ हर्ट्झवर असतो, आणि डग्ग्याचा घुमारही याच परिसरात. मागच्या भिंतीला टेकून बसलात तर तो अंगावर येतो. भिंतीपासून चार फुटांवर बसलात तर पातळ पडतो. हा फरक लहान मुलालाही कळतो आणि खुर्ची हलवायला पैसे पडत नाहीत.

ओस्लोची ‘टू-एल’ ही ध्वनिमुद्रण संस्था एकच संगीत वेगवेगळ्या दर्जांत आपल्या संकेतस्थळावर मोफत देते. त्यातली २४/९६ची एक फाइल उतरवून घ्या, तिचीच १६/४४.१ची प्रत करा आणि फूबार२०००मधल्या एबीएक्स चाचणीत, कुठली कोणती ते न पाहता, निदान सोळा वेळा ओळखा. दोन्हींचा आवाज समान पातळीवर असू द्या, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच जास्त चांगला वाटतो. बाराहून कमी वेळा बरोबर ओळखलंत, तर हाय-रेझचे पैसे स्पीकरसाठी राखून ठेवा. पुढच्या लेखांकात रास्पबेरी पाय वापरून, संगणकाशिवाय चालणारा छोटा संगीत-सर्व्हर घरच्या घरी कसा उभा करायचा ते पाहू.