किनाऱ्यावरील पर्यटन आणि शेतकऱ्याचे उत्पन्न

पर्यटन हा शहरवासीयांच्या हौसेचा विषय असून शेतीशी त्याचा संबंध नाही, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या बाबतीत तो खरा नाही. १९९७ साली हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. नाताळात व मे महिन्याच्या सुटीत मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले येथे प्रवाशांची वर्दळ असते आणि नावाडी, वाहनचालक, खाणावळवाले यांना काम मिळते.

परंतु प्रवाशाने गावात खर्च केलेला पैसा गावातच राहतो, असे नाही. खाणावळीतील तांदूळ, कडधान्य व भाजी घाटावरून आली, तर त्यांचे मोल घाटावरच जाते. उकडा तांदूळ, कुळीथ, नारळ व सोलकढीचे आगळ गावातूनच घेतले, तर तो पैसा शेतकऱ्याच्या पदरी पडतो. याकरिता भातकापणीनंतर जमिनीतील ओलीवर कुळीथ व चवळी घ्यावी. पाण्याची सोय असल्यास नोव्हेंबरच्या आरंभी लाल माठ व मुळा पेरावा. नाताळपर्यंत तो काढणीस येतो. उन्हाळ्यात पिकणाऱ्या रातांब्यांचे आगळ मीठ घालून वर्षभरासाठी साठवावे.

यात एक धोका आहे. प्रवाशांची गर्दी मे महिन्यात होते आणि त्याच वेळी विहिरी तळ गाठतात. किनाऱ्यालगतच्या विहिरींतून बेसुमार उपसा झाल्यास गोड्या पाण्याचा दाब कमी होऊन खारे पाणी आत शिरते. अशा पाण्याने माडांची व भाजीपाल्याची हानी होते. म्हणून पावसाळा संपताच ओहोळांवर वनराई बंधारे घालून पाणी जिरवावे व उपशास मर्यादा घालावी.

पावसाळ्यात समुद्र खवळतो, किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद होतात आणि प्रवासी ओसरतात. तेव्हा शेतीच कुटुंबास आधार देते. पर्यटनाच्या भरवशावर भातखाचरे पडीक टाकणे हिताचे नाही.

राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण स्वीकारले असून, त्यानुसार कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी दरवर्षी सप्टेंबरमध्येच खाणावळवाले व शेतकरी यांची बैठक घ्यावी, कोणता माल किती व केव्हा लागेल याची यादी करावी आणि त्याप्रमाणे पेरणीची आखणी करून द्यावी. मागणी आधी कळली, तर शेतकऱ्याचा माल वाया जात नाही आणि पाहुण्यालाही गावचेच अन्न मिळते.