शिंबावंत वनस्पतींच्या मुळांचे जनुकीय रूपांतरण

मातीतील एका सूक्ष्मजंतूच्या (बॅक्टेरियमाच्या) साहाय्याने शिंबावंत (शेंगा येणाऱ्या) वनस्पतींच्या मुळांत इष्ट जनुक घालण्याची प्रयोगशालेय पद्धती. ह्या सूक्ष्मजंतूचे नाव ॲग्रोबॅक्टिरियम रायझोजीन्स असे असून अलीकडील वर्गीकरणात त्याचा अंतर्भाव ऱ्हायझोबियम प्रजातीत केला जातो. ह्या पद्धतीत रूपांतरण फक्त मुळांचे होते. खोड, पाने व फुले मूळचीच राहतात. अशा वनस्पतीला ‘संयुक्त वनस्पती’ म्हणतात.

सोयाबीन, तूर, हरभरा इ. पिकांत संपूर्ण झाडाचे रूपांतरण करणे कष्टाचे असते, कारण ऊतकसंवर्धनाने एका रूपांतरित कोशिकेपासून पूर्ण झाड मिळविण्यास अनेक महिने लागतात व यशाचे प्रमाण अल्प असते. परंतु वातावरणातील नायट्रोजनाचे स्थिरीकरण मुळांवरील गाठींत (ग्रंथिकांत) होते. त्यामुळे त्याच्या अभ्यासास केवळ मुळांचे रूपांतरण पुरेसे ठरते.

केशमूल रोग : निसर्गात हा सूक्ष्मजंतू जखमेतून वनस्पतीत शिरतो व तेथे बारीक मुळांचे दाट झुबके उत्पन्न करतो. सफरचंदाच्या रोपांवरील ह्या रोगाच्या कारक सूक्ष्मजंतूचे वर्णन ए. जे. रायकर व त्यांचे सहकारी ह्यांनी १९३० मध्ये केले. सूक्ष्मजंतूच्या डीएनएचा काही भाग वनस्पतीच्या जीनोमात समाविष्ट होतो, हे मेरी-डेल चिल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखविले.

हा भाग (टी-डीएनए) सूक्ष्मजंतूतील ‘आरआय प्लास्मिड’ नावाच्या मोठ्या वर्तुळाकार डीएनए रेणूवर असतो. जखमी ऊतकातून स्रवणाऱ्या ॲसिटोसिरिंगोनासारख्या फिनॉलिक संयुगांमुळे प्लास्मिडावरील ‘व्हीआयआर’ जनुके कार्यान्वित होतात व टी-डीएनए कोशिकेत पाठविला जातो. त्यातील ‘आरओएल’ जनुकांमुळे कोशिकांची ऑक्सिनांविषयीची संवेदनक्षमता वाढून मुळे फुटतात. इष्ट जनुक दुसऱ्या, लहान प्लास्मिडात बसवून सूक्ष्मजंतूत घातल्यास तोही ह्याच मार्गाने वनस्पतीत जातो.

कार्यपद्धती : निर्जंतुक केलेले बी रुजवून काही दिवसांच्या रोपाचे मूळ कापतात किंवा बीजपत्रांखालील खोडाला सुईने टोचतात व जखमेवर सूक्ष्मजंतूचे संवर्ध लावतात. दोन ते चार आठवड्यांत तेथून मुळे फुटतात. तापमान जास्त असल्यास टी-डीएनएचे संक्रमण मंदावते, म्हणून रोपे मध्यम तापमानात ठेवतात. फुटलेली सर्वच मुळे रूपांतरित नसतात. म्हणून इष्ट जनुकाबरोबर हिरव्या किंवा तांबड्या अनुस्फुरक प्रथिनाचे जनुक घालतात व विशिष्ट प्रकाशात चमकणारी मुळे ठेवून इतर छाटून टाकतात. नंतर रोपाला ऱ्हायझोबियमाचे विरजण देऊन गाठी कशा बनतात, ते पाहतात.

उपयोग : सोयाबीनमधील लेगहीमोग्लोबिनाचे जनुक लोटस कॉर्निक्युलेटस ह्या वनस्पतीत घातल्यास ते केवळ गाठींतच कार्य करते, असे १९८६ मध्ये दिसून आले. लोटस जॅपोनिकसमधील एनएफआर-१ व एनएफआर-५ ही जनुके सूक्ष्मजंतूचा रासायनिक संकेत ओळखणारी ग्राही प्रथिने बनवितात, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. ही दोन्ही जनुके मेडिकॅगो ट्रंकॅट्युलाच्या मुळांत घातल्यावर त्या वनस्पतीवर लोटसच्या सहजीवी सूक्ष्मजंतूमुळे गाठी आल्या (२००७). कोणत्या सूक्ष्मजंतूस प्रवेश द्यावा, हे ठरविण्यात ह्या ग्राहींचा निर्णायक वाटा असतो, हे त्यावरून स्पष्ट झाले. सूत्रकृमी व मूळकुजव्या रोगांना होणाऱ्या प्रतिकाराच्या अभ्यासासाठीही ही पद्धती वापरतात.

मर्यादा : घातलेले जनुक फुलांपर्यंत पोहोचत नसल्याने ते बियांतून पुढील पिढीत उतरत नाही; म्हणजे ह्या मार्गाने थेट नवे वाण मिळत नाही. प्रत्येक मूळ स्वतंत्र रूपांतरणातून निर्माण होत असल्याने एकाच रोपाच्या मुळांत जनुकाचे कार्य कमीअधिक आढळते. तसेच आरओएल जनुकांमुळे मुळांची वाढ व शाखन बदलू शकते. म्हणून केवळ रिकामे प्लास्मिड घातलेली मुळे तुलनेसाठी ठेवणे आवश्यक असते.

गाठी बनण्याची प्रक्रिया कोणत्या जनुकांवर अवलंबून आहे, हे कळल्याशिवाय तृणधान्यांत ती घडवून आणता येणार नाही. तसे साधल्यास नायट्रोजनयुक्त रासायनिक खतांवरील अवलंबन कमी होऊ शकेल. ह्या संशोधनात जनुकांची प्राथमिक पारख काही आठवड्यांत करून देणे, हे ह्या पद्धतीचे मुख्य महत्त्व होय.