तुसाची राख आणि घराचे काँक्रीट

भंडारा-गोंदियाकडे धानाच्या गिरण्या पुष्कळ. गिरणीमागे राखेचे ढीग पडलेले असतात. वारा सुटला की राख घरात येते, डोळ्यांत जाते. ही राख येते कुठून?

धान भरडले की तूस निघते. १०० किलो धानामागे सुमारे २० किलो. तूस भट्टीत जाळले की ४ किलोच्या आसपास राख उरते. तिच्यात बहुतेक भाग सिलिकाचा असतो.

जुने गवंडी चुन्यात विटांची भुकटी घालीत. तिला सुरखी म्हणत. सुरखीमुळे चुना ओलीतही घट्ट होई. राखेचंही तसंच आहे. सिमेंटला पाणी लागले की त्यातून थोडा चुना सुटतो. राख त्या चुन्याला धरते आणि घट्ट होते. मग काँक्रीटमध्ये पाणी कमी झिरपते.

पण कोणतीही राख चालत नाही बरं का! तूस बेताच्या आचेवर, म्हणजे ५०० ते ७०० अंशांवर जळावे. आच फार झाली तर सिलिका चुन्याशी जुळत नाही. नीट जळले नाही तर कोळसा उरतो. अशी राख काळी दिसते आणि पाणी फार पिते. चांगली राखही पिठासारखी बारीक दळावी लागते. दळताना नाकातोंडाला फडके बांधा. ही धूळ फुफ्फुसांना वाईट.

सन २००० च्या भारतीय मानकात या राखेला जागा आहे. साधारणपणे ५० किलो सिमेंटपैकी ५ किलो काढून तितकी राख घालता येते. पण आधी राख तपासून घ्यावी. प्रमाण इंजिनियरला विचारावे. सिमेंटच्या पोत्यावरही पाहा. 'पोझोलाना' असे लिहिले असेल, तर त्यात राखेसारखा माल आधीच मिसळलेला असतो. त्यात आणखी राख घालू नये.

राखेचे काँक्रीट सावकाश घट्ट होते. म्हणून त्यावर १४ दिवस पाणी मारावे. कंटाळा करू नये.

चुलीतली राख मात्र स्लॅबमध्ये मुळीच घालू नका. चार पैसे वाचतील. पण त्या छपराखाली आपलीच मुलंबाळं झोपणार आहेत.

म्हणून आम्ही सांगतो : राख फुकट आहे, पण ती पारखून घ्या.