डॅशबोर्ड उघडण्याआधी मीटर हातात घ्या

महाराष्ट्रात पाऊस सरून दिवाळीची साफसफाई सुरू होते, तेव्हा चेन्नईजवळच्या सिरुसेरीत खरा पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा इथला ईशान्य मान्सून. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या सिपकॉट आयटी पार्कमध्ये नोकरीला आलेली मराठी माणसं पुण्याहून, नागपूरहून आपल्या गाड्या बरोबर आणतात आणि त्या गाड्या पहिल्यांदाच असं हवामान अनुभवतात. पूर्वेला मुट्टुकाडूची खाडी, पलीकडे कोवलमचा किनारा. हवेत वर्षभर दमटपणा आणि खारेपणा. मग एखाद्या सकाळी हॉर्न वाजत नाही, पॉवर विंडो अर्ध्यावर थांबते, स्टिरिओचा पडदा काळा होतो, आणि कोणीतरी ठामपणे सांगतं: “आत शॉर्ट आहे, डॅशबोर्ड खोलावा लागेल.”

बहुतेक वेळा तसं करावं लागत नाही. आणि लागलंच तर ज्या घाईने ते केलं जातं, त्या घाईनेच गाडीचं निम्मं नुकसान होतं. हे नुकसान टाळण्यासारखं आहे, म्हणून एकेक समज तपासून पाहू.

“बिघाड डॅशबोर्डवर दिसतो, म्हणजे डॅशबोर्डमध्येच आहे”

डॅशबोर्ड हा प्लास्टिकचा कवचासारखा भाग. त्यामागून वायरिंग जातं खरं, पण वायर मधोमध आपोआप तुटणं फार क्वचित घडतं. बिघाड होतो तो टोकांना: वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये, फ्यूज बॉक्समध्ये, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित जागी, म्हणजे अर्थच्या बोल्टपाशी. गाडीची पत्र्याची बॉडी हीच बॅटरीची ऋण बाजू असते. ठिकठिकाणी काळ्या किंवा तपकिरी वायरी या पत्र्याला बोल्टने जोडलेल्या असतात. तिथे गंज चढला की वीज परतीची दुसरी वाट शोधते. हेडलाइट लावले की मीटर कन्सोल मंदावतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, अशी विचित्र लक्षणं दिसली तर आधी अर्थवर संशय घ्यावा.

लक्षणं नीट जुळवली तर निम्मा शोध बसल्या जागी लागतो. हॉर्न, स्टीअरिंगवरची बटणं बंद आणि त्याच वेळी एअरबॅगचा दिवा पेटलेला, असं दिसलं तर बहुधा स्टीअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे चाकाबरोबर गुंडाळली जाणारी चपटी केबल, तुटलेली असते. डॅशबोर्डचा तिथे काही संबंध नाही. इंडिकेटर एका बाजूला नेहमीपेक्षा भराभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेला आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या चार गोष्टी एकदम बंद पडल्या तर चार बिघाड शोधू नयेत. त्या चारही जिथे एकत्र येतात तो एक फ्यूज, एक रिले किंवा एक अर्थ शोधावा.

आणखी एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ट्रिम काढणं आणि डॅशबोर्ड काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. स्टीअरिंगखालचं पॅनल, ग्लव्ह बॉक्स, दार उघडल्यावर दिसणारं बाजूचं झाकण, स्टिरिओभोवतीची चौकट एवढं काढलं तरी आतले बरेचसे कपलर हाताला लागतात. अख्खा डॅशबोर्ड बाहेर काढावा लागतो तो मुख्य हार्नेस, म्हणजे वायरींचं जुडगं, बदलताना किंवा काही मॉडेलमध्ये एसीची कूलिंग कॉइल बदलताना.

“फ्यूज उडतोय ना, मोठा टाका”

हा सगळ्यात घातक सल्ला आहे, आणि तो चांगल्या मनाने दिला जातो. लोकांना वाटतं फ्यूज स्टिरिओ किंवा वायपर मोटर वाचवण्यासाठी असतो. तो असतो वायर वाचवण्यासाठी. वायरची जाडी जेवढी वीज सहन करू शकते, तेवढ्याचा फ्यूज कारखान्यात बसवलेला असतो. वायरमधली उष्णता विजेच्या वर्गाच्या पटीत वाढते. 10 अँपियरच्या जागी 20 चा फ्यूज लावला आणि शॉर्टमुळे खरोखरच तेवढी वीज वाहू लागली, तर वायर दुप्पट नव्हे, चौपट तापते. ती वायर डॅशबोर्डच्या मागे, कापडी टेपमध्ये गुंडाळलेल्या पंचवीस-तीस इतर वायरींच्या जुडग्यात असते. फ्यूज टिकतो आणि वायरचं आवरण वितळू लागतं. गाडीला आग लागल्याच्या बातम्यांमागे हे एक खरं कारण आहे.

रंग पाठ करायला अवघड नाहीत: तपकिरी साडेसात अँपियरचा, लाल 10 चा, निळा 15 चा, पिवळा 20 चा, पारदर्शक 25 चा, हिरवा 30 चा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच लावायचा. नवा फ्यूज पुन्हा उडाला तर त्या फ्यूजवर चालणारी उपकरणं एकेक करून कपलरमधून सोडवायची. एखादं सोडवल्यावर फ्यूज टिकला, तर दोष त्या उपकरणात किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या फाट्यात. सगळी सोडवूनही उडतच राहिला, तर दोष मुख्य वायरमध्ये, आणि तेव्हाच ट्रिम काढण्याला अर्थ आहे.

मीटरबद्दलही एक गैरसमज आहे. मल्टिमीटर ‘बीप’ करतो म्हणजे वायर ठीक, असं मानलं जातं. तांब्याच्या वीस धाग्यांपैकी एकच शाबूत असला तरी बीप वाजतो. तो एक धागा हेडलाइटचा भार मात्र पेलू शकत नाही. म्हणून उपकरण चालू ठेवून व्होल्ट मोजायचे: एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला, दुसरं त्या उपकरणाच्या अर्थला. दोन-तीन दशांश व्होल्टच्या वर आकडा दिसला तर तो अर्थ खराब आहे. बॅटरीही आधीच पाहून घ्यावी. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत 13.5 ते 14.5 च्या दरम्यान. कमजोर बॅटरीमुळे मीटर कन्सोलवर एकदम पाच-सहा दिवे पेटतात आणि माणूस डॅशबोर्डमागे धावतो.

“चावी काढली, आता हात घालायला हरकत नाही”

इथे थोडं थांबून वाचावं. भारतात 1 जुलै 2019 पासून चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली आणि 1 एप्रिल 2021 पासून नव्या मॉडेलमध्ये शेजारच्या सीटसाठीही. म्हणजे आजच्या गाडीत एक एअरबॅग स्टीअरिंगमध्ये आणि एक ग्लव्ह बॉक्सच्या वर, डॅशबोर्डमध्येच असते. ती फुगायला सेकंदाच्या तिसाव्या भागाइतका वेळ पुरतो, आणि समोर हात किंवा चेहरा असला तर हाड मोडू शकतं.

चावी काढल्याने ही यंत्रणा मृत होत नाही. बॅटरीची वायर काढल्याबरोबरही नाही. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून तिच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो आणि तो काही काळ वीज साठवून ठेवतो. म्हणून आधी बॅटरीची ऋण वायर काढायची, ती पुन्हा टेकणार नाही अशी बाजूला बांधायची आणि त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं. कुठे नव्वद सेकंद, कुठे तीन मिनिटं, कुठे त्याहून जास्त. अंदाजाने ठरवायची ही गोष्ट नाही.

पिवळे कपलर आणि पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात. सीटखालीही असतात. त्यांना टेस्ट लॅम्प लावायचा नाही आणि ओहम मोजायला मीटरही लावायचा नाही, कारण ओहम मोजताना मीटर स्वतःच त्या वायरीतून थोडी वीज पाठवतो. उतरवलेली एअरबॅग नेहमी तोंड वर करून ठेवायची, पालथी नाही. कपलर सुटलेला असताना चावी फिरवली तर युनिटमध्ये दोषाचा कोड नोंदला जातो आणि मग तो स्कॅनरने पुसावा लागतो.

दमट, उष्ण गावांत याला आणखी एक बाजू आहे. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅग जगभर परत बोलवाव्या लागल्या, कारण त्यांतलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि ओलाव्याने बिघडत होतं आणि फुगताना धातूचा डबा फुटून तुकडे उडत होते. चेन्नई किंवा मुंबईसारख्या ठिकाणी जुनी गाडी विकत घेतली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून असं रिकॉल बाकी आहे का ते पाहावं. त्या भागाला हात लावण्याआधी तर नक्कीच.

“पाणी फक्त मॅटपर्यंत आलं होतं, उन्हात वाळलं”

1 डिसेंबर 2015 ला चेन्नईच्या तांबरमला चोवीस तासांत 49 सेंटिमीटर पाऊस पडला. डिसेंबर 2023 मध्ये मिचौंग चक्रीवादळाने शहर पुन्हा पाण्यात घातलं. मुंबईकरांना 26 जुलै 2005 आठवत असेल, चिपळूणकरांना 22 जुलै 2021. अशा प्रत्येक पुरानंतर गाड्या वाळवल्या जातात, चालू होतात आणि मालक निश्चिंत होतो. बिघाड तीन-चार महिन्यांनी येतो.

कारण सरळ आहे. कार्पेटखालचा फोम पाणी धरून ठेवतो, आणि मुख्य हार्नेसचे बरेच कपलर त्याच उंचीवर असतात. वायरच्या धाग्यांमधून पाणी ओढलं जाऊन आवरणाच्या आत वर चढतं. तांब्यावर हिरवट थर येतो, विरोध वाढतो. हिरवट झालेल्या पिनवर नुसता स्प्रे मारून हे बरं होत नाही. कार्पेट उचलून, फोम बाहेर काढून वाळवणं आणि खालचे कपलर एकेक उघडून पाहणं हे खरं काम आहे. पाणी सीटपर्यंत आलं असेल तर गाडी चालू करून न पाहता टो करून न्यावी.

पूर न येताही आत पाणी शिरतं. चेन्नईत एसी बारा महिने चालतो. त्याचा निचरा करणारी रबरी नळी धुळीने, पानांनी तुंबली की पाणी आत, बहुधा डाव्या सीटच्या पायाशी गळतं. मॅट ओली दिसली आणि पाऊस नसेल, तर नळी साफ करणं हाच उपाय.

“एक वायर जोडली तर काय होतं”

चेन्नईतल्या पुदुपेटच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारापासून ते रस्त्यावरच्या ॲक्सेसरीच्या दुकानापर्यंत डॅशकॅम, रंगीत दिवे, मोठा स्क्रीन बसवून मिळतो. बसवणारा मूळ वायर सोलून, पीळ देऊन, टेप गुंडाळतो. उन्हात टेपचा गोंद सुटतो. शिवाय आजच्या गाडीत काच वर-खाली करण्याचा आदेशही अनेकदा बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून, कॅन नावाच्या दोन पिळदार वायरींवरून जातो. बॉशने ही पद्धत 1986 मध्ये जाहीर केली. त्या दोन वायरींना धक्का लागला तर भलतीच उपकरणं बंद पडतात. बॅटरी काढून स्कॅनर जोडण्याच्या ओबीडी सॉकेटच्या 6 आणि 14 क्रमांकाच्या पिनांमध्ये बऱ्याच गाड्यांत 60 ओहम यायला हवेत, कारण दोन टोकांना 120 ओहमचे दोन रोधक असतात. 120 दिसले तर जोड कुठेतरी तुटला आहे. हे तपासायला एकही क्लिप उचकटावी लागत नाही.

दिवाळीला दहा दिवस गावी जाऊन परत आल्यावर गाडी मेलेली आढळते, तेही पुष्कळदा अशाच जोडणीमुळे. बंद गाडीने साधारण 50 मिलिअँपियरपेक्षा जास्त वीज खाऊ नये. अर्धा अँपियर खाल्ली तर दिवसाला 12 अँपियर-तास, आणि 35 अँपियर-तासांची बॅटरी तीन दिवसांत संपते. मोजताना गाडी बंद करून अर्धा तास थांबावं, कारण सगळी मॉड्यूल झोपायला वेळ घेतात.

“एकदा खोललेला डॅशबोर्ड कायम खडखडतो”

खडखडतो तो लोखंडी स्क्रूड्रायव्हरने उचकटलेला. क्लिप तुटतात, एखादा स्क्रू उरतो, फोमची पट्टी परत लावली जात नाही. प्लास्टिकची पट्टी वापरावी, आधी लपलेले स्क्रू शोधावेत, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढावा आणि तुटलेल्या क्लिप नव्या घ्याव्यात. त्या स्वस्त मिळतात. वर्षानुवर्षं उघड्या पार्किंगमध्ये तापलेलं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, त्यामुळे ओढण्याआधी क्लिप कोणत्या दिशेला सुटते ते पाहावं.

सगळं बसवून झाल्यावर गाडीत कोणी बसलेलं नसताना बॅटरी जोडावी. मग चावी फिरवून एअरबॅगचा दिवा बघावा: तो पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटलेलाच राहिला, किंवा मुळी पेटलाच नाही, तर गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये दाखवेपर्यंत ती एअरबॅग उघडेल असं धरून चालू नये.