राजमुद्रेतला ‘ष’ कुठे हरवतो?

छत्रपती शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा लाकडात कोरलेली तुम्ही नक्की पाहिली असेल. दिवाणखान्यात, ऑफिसात, सत्कारात भेट म्हणून, सगळीकडे ती असते, आणि हल्ली बहुतेक वेळा ती सीएनसी राउटरवर कोरलेली असते. पुढच्या वेळी दिसली की जवळ जाऊन त्यातला ‘ष’ शोधा. त्याच्या पोटातली तिरकी रेघ वेगळी दिसते का? की पोट नुसतंच भरलेलं आहे? आता ‘प’ बघा. मुद्रेच्या संस्कृत श्लोकात ही दोन्ही अक्षरं आहेत, शिवाय रफार आणि जोडाक्षरंही आहेत. अक्षर गेलं की शब्द जातो, आणि ही मुद्रा लोक वाचण्यासाठीच भिंतीवर लावतात.

गंमत म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये ‘ष’ अगदी शाबूत असतो. मशीननेही कुठे चूक केलेली नसते, कुठलाही एरर आलेला नसतो. मग अक्षर जातं कुठे? माझ्या पीएच.डी.चा विषय साधारण हाच आहे: कटर लाकडाला लागायच्या आधीच, कुठला तपशील उतरणार नाही हे सांगता येईल का? येतं. आणि त्यामागची कल्पना गणिताची असली तरी एका गोटीवर समजते.

राउटर म्हणजे काय तर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेणारा कटर, जो तीन दिशांना हलतो. उठावाच्या कामाला ज्याचं टोक गोल असतं असा कटर लावतात, त्याला बॉल नोज म्हणतात. आता कल्पना करा की तुमच्या मॉडेलच्या पृष्ठभागावर कटरच्या टोकाएवढी गोटी फिरवताय. गोटी जिथे टेकते तिथपर्यंत लाकूड कापलं जाईल. जिथे तिला शिरताच येत नाही, तिथे लाकूड तसंच राहील. फुगीर भागाला गोटीची काही अडचण नाही, अक्षराची बाहेरची धार ती व्यवस्थित काढते. अडचण येते ती फटींत आणि आतल्या कोपऱ्यांत.

आकडे घालून बघू. मुद्रा 300 मिमी रुंद आहे, अक्षरं 2 मिमी उठावाची आहेत आणि ‘ष’च्या तिरक्या रेघेच्या बाजूची फट 1.2 मिमी आहे असं धरा. कटर 3 मिमी व्यासाचा, म्हणजे त्रिज्या 1.5 मिमी. फटीच्या दोन्ही काठांवर टेकून हा गोल आत किती उतरेल? शाळेतला पायथागोरस पुरतो: 1.5 वजा 2.25 − 0.36 चं वर्गमूळ. उत्तर येतं जेमतेम 0.125 मिमी. मॉडेल म्हणतं 2 मिमी खोल जा, कटर पाव मिमीसुद्धा जात नाही. त्यावर पॉलिशचे दोन हात बसले की तीही खाच बुजते. ‘प’चं पोट 4 मिमी रुंद असेल तर तिथे हाच कटर आरामात तळाला पोचतो. म्हणून ‘प’ वाचतो आणि ‘ष’ मरतो.

सॉफ्टवेअर याबद्दल गप्प का बसतं? कारण त्याच्या दृष्टीने सगळं बरोबर आहे. त्याला सांगितलंय की मॉडेलच्या आत घुसू नकोस, आणि ते घुसलेलं नाही. जास्तीचं लाकूड शिल्लक राहणं हा त्याच्या लेखी गुन्हाच नाही.

गोटी फिरवण्याच्या या क्रियेला गणितात ‘क्लोजिंग’ म्हणतात. ती ज्या शाखेतली आहे, त्या मॅथेमॅटिकल मॉर्फॉलॉजीचा लाकडाशी सुरुवातीला काही संबंध नव्हता. 1964 साली फ्रान्समध्ये जॉर्ज मातरों आणि जाँ सेरा खनिजांच्या पातळ छेदांचा अभ्यास करत होते. ठरावीक आकार चित्रावरून फिरवायचा आणि तो कुठे बसतो, कुठे बसत नाही हे मोजायचं, ही त्यांची पद्धत. पुढे प्रतिमा-प्रक्रियेत ती सर्रास वापरली जाऊ लागली. आपल्याला ती आयतीच मिळते: मुद्रेचा खोलीनकाशा घ्या (प्रत्येक बिंदूला किती खोल जायचं ते सांगणारं करडं चित्र), त्यावर कटरच्या टोकाच्या आकाराने क्लोजिंग करा, आणि आलेल्या उत्तरातून मूळ नकाशा वजा करा. जे उरतं तो हरवणाऱ्या तपशिलांचा नकाशा. ‘ष’चं पोट त्यात ठळक उठून दिसतं. साध्या लॅपटॉपवर हे सगळं चटकन होतं, सागवानाची फळी खराब करून बघायची गरज नाही.

एक इशारा देऊन ठेवतो. करडं चित्र म्हणजे खोलीनकाशा नव्हे. कागदावरच्या शिक्क्याचा फोटो तसाच सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर शाईचा गडदपणा खोली म्हणून वाचला जातो, आणि फोटोतले दाणे लाकडावर पुटकुळ्या होऊन येतात. आधी अक्षरं रेषांनी नीट आखून घ्यावी लागतात. (मूळ शिक्क्यावर अक्षरं उलटी असणार हे उघड आहे. भिंतीवर आपण लावतो तो शिक्का नसतो, त्याचा ठसा असतो.)

मग सगळीकडे बारीकच कटर का वापरत नाहीत? वेळ. अर्धा मिमी टोकाचा निमुळता कटर घेतला आणि दर फेरीला 0.1 मिमी सरकवला, तर 300 मिमीच्या अष्टकोनावर सुमारे 745 मीटर लांबीची वाट होते. मिनिटाला 1500 मिमी वेगाने सव्वाआठ तास. प्रत्यक्षात जास्तच, कारण बारीक चढउतारांवर मशीन तो वेग गाठतच नाही. 3 मिमीचा कटर 0.3 मिमीने सरकवला तर हेच काम पावणेतीन तासांत होतं. दोन फेऱ्यांच्या मध्ये उरणाऱ्या कंगोऱ्याची उंची म्हणजे सरकण्याचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. पहिल्या बाबतीत ती 0.005 मिमी येते, दुसऱ्या बाबतीत 0.0075. हाताला फरक कळणार नाही. म्हणजे सपाट भागात बारीक कटरने काहीच हाती लागत नाही, नुसती वीज जळते.

वजाबाकीचा नकाशा इथे खरा कामाला येतो. मोठ्या कटरने सगळं काम करायचं आणि बारीक कटर फक्त नकाशात डाग असतील तिथे पाठवायचा. डाग दहा टक्के जागेवर असतील तर जेमतेम पन्नास मिनिटं वाढतात. मात्र बारीक कटर निमुळता असतो, तेव्हा टोकाबरोबर त्याचा उतारही हिशेबात धरा. दर बाजूला 5 अंश उताराचा आणि अर्धा मिमी टोकाचा कटर 2 मिमी खोल जायला वर सुमारे 0.8 मिमी जागा मागतो, म्हणजे आपल्या 1.2 च्या फटीत बसतो. एक मिमी टोकाचा कटर जवळजवळ 1.3 मागतो. टोकाकडे बघून वाटतं की हा बसेल, पण तो अडकतो.

आणखी बारीक जायचा मोह आवरा, कारण आता लाकूड मध्ये येतं. सागवानाच्या वाढीच्या वर्तुळात सुरुवातीला तयार होणारी छिद्रं पाव मिमीच्या आसपास असतात, नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्याहून लहान तपशील तिथे कोरला तरी तो छिद्रांच्या गर्दीत ओळखू येत नाही. शिवाय अर्धा मिमी टोकाच्या कडेचा वेग 18,000 फेऱ्यांना मिनिटाला फक्त 28 मीटर असतो, तर 6 मिमीच्या कटरचा जवळपास 340. ऐन टोकाच्या मध्यावर तर वेग शून्य. तिथे लाकूड कापलं जात नाही, चेपलं जातं, आणि तंतू केसाळ राहतात.

फळी कशी धरायची हेही इथेच ठरतं, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. रेषा आडव्या ठेवल्या तर अक्षराचा उभा दंड रेषांना आडवा जातो. दंड 1 मिमी जाडीचा असेल तर त्यातले तंतू फक्त 1 मिमी लांबीचे उरतात, आणि कटरचा धक्का बसला की टवका उडतो. रेषा उभ्या ठेवल्या तर शिरोरेषेवर ती वेळ येते, पण तिला खालून प्रत्येक अक्षराचा आधार असतो. म्हणून देवनागरीसाठी मी उभ्या रेषाच पसंत करतो, दिसायला आडव्या छान वाटल्या तरी. सुट्या अनुस्वाराला मात्र दोन्हीकडे धोका आहे. त्याचं बूड रुंद ठेवा, शंकूसारखं.

उठावाचा हट्ट नसेल तर सगळ्यात सोपी सुटका व्ही-बिटमध्ये आहे. अक्षरं उठावाची न करता खोदीव करायची. कोपऱ्यात जाताना हा बिट वर उचलला जातो, त्यामुळे आतला कोपरा पटाशीने काढल्यासारखा टोकदार येतो. 60 अंशाच्या बिटने 2 मिमी रुंदीची रेघ 1.73 मिमी खोल जाते. फळी सपाट नसेल तर मात्र तो लगेच चुगली करतो: अर्धा मिमी उंचवटा असेल तिथे रेघ जवळजवळ 0.6 मिमीने जाड होते. म्हणून त्याच बैठकीत, फळी न हलवता, आधी मोठ्या कटरने वरून एक सपाट हात फिरवून घ्या.

खोदीव अक्षरांत काळा रंग भरणार असाल तर त्याआधी लाखेचं पॉलिश लावून छिद्रं बंद करा. नाहीतर रंग सागवानाच्या नळ्यांतून पसरतो आणि ‘ष’ पुन्हा वाचता येत नाही.