गोदाकाठचा पळस, विलायतेचा कागद

दोस्तांनो, फाल्गुनात नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या रानात गेलात, तर पळसाची गंमत बघा. झाडावर पान नाही, पण फांद्या केशरी फुलांनी नुसत्या लगडलेल्या! लातूरकडेही माळावर, बांधावर पळस भेटतोच. ‘पळसाला पानं तीनच’ ही म्हण तर तुम्हाला पाठच असेल. पण याच पळसाचं एक चित्र १७९५ साली लंडनमध्ये छापलं गेलं आणि अशी जुनी चित्रं जमवणारे हौशी लोक जगभर आहेत, हे माहीत आहे का?

नांदेडहून वाहत जाणारी गोदावरी आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. त्याच मुलखात सामलकोट नावाचं गाव आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला विल्यम रॉक्सबर्ग हा स्कॉटिश डॉक्टर तिथे राहत असे. त्याला झाडांचं भारी वेड! तो झाडांची वर्णनं लिहायचा आणि भारतीय चित्रकारांकडून त्यांची चित्रं काढून घ्यायचा. ही चित्रं जहाजाने लंडनला गेली. त्यांतली ३०० निवडून तीन मोठे खंड निघाले. नाव, ‘प्लांट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमांडल’. पहिल्याच खंडात २१ व्या क्रमांकावर आहे आपला पळस!

तांब्यावर कोरलेलं फूल

तेव्हा रंगीत छपाईची आजच्यासारखी यंत्रं नव्हती. कारागीर तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर टोकदार हत्याराने चित्र कोरायचा, तेही उलटं! मग पत्र्यावर शाई चोळून वरवर पुसली, की ती फक्त कोरलेल्या रेषांत उरायची. ओलसर कागद ठेवून वरून जड रूळ फिरवला, की चित्र सुलटं उमटायचं. पुढे प्रत्येक कागद जलरंगांनी हाताने रंगवायचा. लंडनमध्ये या कामावर बायका असत, तुमच्या वयाची मुलंही असत. म्हणून एकाच फुलाच्या दोन प्रतींचे रंग तंतोतंत जुळत नाहीत.

अस्सल चित्र ओळखायची एक युक्ती सांगतो. भिंग घेऊन बघा. आजच्या छापील नकलेत रंगांचे बारीक ठिपके दिसतात. जुन्या चित्रात कोरीव रेषा आणि त्यावर ब्रशाने दिलेला रंग दिसतो. कडेचा कागद कापलेला नसेल, तर चित्राभोवती पत्र्याच्या कडांचा दबलेला चौकोनही बोटांना लागतो.

संग्रह करावा, पण कसा?

आता एक वाईट गोष्ट. सुटी चित्रं विकून जास्त पैसे मिळतात, म्हणून काही व्यापारी जुनी पुस्तकं चक्क फाडतात! चित्र एकाच्या भिंतीवर जातं आणि त्या झाडाचं वर्णन भलतीकडेच राहतं. हे फूल कुठलं, कोणत्या पुस्तकातलं, कधीचं, हे कळेनासं झालं, की उरते ती नुसती शोभा. म्हणून आई-बाबांनो, मुलांना असा छंद लागलाच, तर छापील नकला खुशाल घ्या. रॉक्सबर्गचे खंड संगणकावर फुकट बघायलाही मिळतात.

नावाची किंमत किती, ते पाहा. रॉक्सबर्गचं नाव आपल्याला माहीत आहे, पण ज्यांनी झाडासमोर बसून चित्रं काढली, त्या चित्रकारांची नावं पुस्तकात दिलेली नाहीत. त्याआधीचं ‘हॉर्टस मलबारिकस’ हे केरळातल्या वनस्पतींवरचं पुस्तक १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापलं गेलं. त्याला मदत करणाऱ्या रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोंकणी वैद्यांचं पत्र त्यात देवनागरीत छापलेलं आहे. त्यामुळे सव्वातीनशे वर्षांनंतरही आपण त्यांना नावाने ओळखतो.

मग तुम्ही काय कराल? एक जाड वही घ्या. खाली पडलेलं फूल उचला, झाडावरचं तोडू नका. ते समोर ठेवून चित्र काढा. पानं आणि शेंग पुढच्या महिन्यांत येतील, तेव्हा ती त्याच कागदावर काढा. जुने चित्रकारही वेगवेगळ्या ऋतूंतलं एकाच कागदावर दाखवत. पळसाची शेंग सोलाल, तर आत एकच बी सापडेल. म्हणून तर त्याचं आजचं शास्त्रीय नाव ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’, यातलं ‘मोनोस्पर्मा’ म्हणजे एका बीचा!

नाव अडलं तर वाचनालयात व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ आहे का, विचारा. पुस्तक इंग्रजीत आहे, तेव्हा सरांची किंवा बाईंची मदत घ्या.

आणि चित्राखाली चार गोष्टी न विसरता लिहा : फुलाचं नाव, गावाचं नाव, तारीख आणि तुमचं स्वतःचं नाव. पुढे कधी त्या बांधावरचा पळस तोडला गेला, तरी तो तिथे होता आणि कोणत्या दिवशी फुलला होता, हे तुमची वही सांगेल. आणि ते कोणी पाहिलं, हेही!