कोपरगाव नको म्हणणारा पेशवा

भूमच्या वायव्येला खर्डा आहे. 11 मार्च 1795 रोजी तिथे निजामाची फौज मोडली. पेशव्याच्या झेंड्याखाली सगळे मोठे मराठे सरदार एकत्र आले, ती ही शेवटची लढाई. पेशवा होता वीस वर्षांचा सवाई माधवराव. त्याच्या जन्माआधीच या राज्याची दोन शकले झाली होती आणि पदच्युत रघुनाथरावाला शांत बसवेपर्यंत त्याच्या विरोधात एकवटलेल्या कारभाऱ्यांना, बारभाईंना, 1782 साल उजाडले. इतकी वर्षे का लागली?

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला आणि चुलता रघुनाथराव, म्हणजे दादा, गादीवर आला. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके आदी बारभाईंनी नारायणरावाच्या गरोदर पत्नीला, गंगाबाईला, पुरंदरावर नेऊन तिच्या नावाने कारभार सुरू केला. मार्च 1774 मध्ये पंढरपूरजवळ कासेगावला दादांची सरशी झाली. बारभाईंचे त्रिंबकराव पेठे कामी आले. पण 18 एप्रिलला पुरंदरावर मुलगा, सवाई माधवराव, जन्मला आणि जिंकलेल्या दादांच्या हक्काचा पायाच खचला. फेब्रुवारी 1775 मध्ये हरिपंतांनी गुजरातेत त्यांची फौज उधळली. दादा खंबायतमार्गे सुरतेला पोचले आणि साष्टी-वसई देऊ करून त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी मदतीचा तह केला.

कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला हा परस्पर केलेला तह मान्य नव्हता. त्यांनी कर्नल अप्टनला पुरंदरावर धाडले. 1 मार्च 1776 च्या पुरंदर तहातली दादांविषयीची कलमे नीट वाचण्यासारखी आहेत. त्यांनी महिन्याभरात फौज मोडावी, कोपरगावी गोदाकाठी राहावे. खर्चाला दरमहा 25,000 रुपये रोख. 200 चाकर त्यांच्या पसंतीचे. दिमतीला 1,000 स्वार, पण त्यांचा पगार आणि बदली पुणे सरकारच्या हाती. म्हणजे मुजरा दादांना, नजर नानांची. अनुयायांना माफी होती, तीतून चौघे मात्र वगळलेले.

तह झाला कंपनी आणि पुणे दरबार यांच्यात. ज्याला कोपरगावी बसवायचे त्याला कोणी विचारले नव्हते. दादांनी अटी धुडकावल्या आणि त्यांना तसे करणे परवडलेही, कारण मुंबईकरांनी आसरा काढून घेतला नाही. त्या वर्षाअखेर ते मुंबईत होते.

जानेवारी 1779 मध्ये दादांना घेऊन निघालेली इंग्रजी फौज वडगावला कोंडीत सापडली. दादा महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले. त्यांना झाशीकडे रवाना केले, तर नर्मदेवर पहारा चुकवून ते पुन्हा इंग्रजांच्या आश्रयाला गेले.

हरलेला राजा वाटाघाटीला बसतो, पण कान दुसऱ्याच दाराकडे लावून. इंग्लंडचा पहिला चार्ल्स 1648 मध्ये न्यूपोर्टला पार्लमेंटच्या प्रतिनिधींशी बोलत असताना सुटकेचे आणि आयर्लंडमधील मदतीचे मनसुबे रचत होता. जानेवारी 1649 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. दादांवर ती वेळ आली नाही. त्यांचे दार बराच काळ उघडे राहिले.

ते बंद झाले 17 मे 1782 च्या सालबाईच्या तहाने. नेमणूक तीच, दरमहा 25,000. फरक दोनच: राहण्याची जागा दादांनी निवडावी, आणि कंपनीने त्यांना यापुढे पैशाची वा अन्य मदत करू नये. या वेळी मध्यस्थ होते महादजी, म्हणजे शब्द पाळायला लावण्याची ताकद असलेला माणूस. दादा अखेर कोपरगावीच आले आणि डिसेंबर 1783 मध्ये तिथेच वारले. 1776 मध्ये नाकारलेले गाव त्यांनी पत्करले ते रक्कम वाढली म्हणून नव्हे, जायला दुसरी जागा उरली नाही म्हणून.

बारभाईंनी एका माणसाचा प्रश्न मिटवला, वाट मात्र रुळलेली राहिली. दादांचा मुलगा दुसरा बाजीराव 1796 मध्ये पेशवा झाला. ऑक्टोबर 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ त्याची फौज हरवली, तेव्हा त्याने समेटाऐवजी वसई गाठली आणि 31 डिसेंबरला इंग्रजांशी तह केला. बापाने आसऱ्यासाठी साष्टी-वसई देऊ केली होती. मुलाने स्वतंत्रपणे तह-लढाई करण्याचा हक्कच देऊन टाकला.